ब्राह्मीच्या खोलीतलं पिल्लू

केसांचा रबर. जांभळा, एका जागी विरलेला, आतली पांढरी दोरी दिसणारा – दाराखालच्या फटीतून अर्धा बाहेर आलेला, आणि त्याच्यामागे एक इवलासा राखाडी पंजा. पंजानं रबर पुढे ढकलला, आत ओढला, पुन्हा ढकलला. मग तो एकदम सुटला आणि फरशीवर वीतभर घसरून थांबला. दाराबाहेर शेवंती बसली होती, पिवळ्या पट्ट्यांची, नऊ वर्षांची, या घरची मांजर. तिनं पंजाकडे पाहिलंसुद्धा नाही. मान लांब करून तिनं रबराचा वास घेतला, खूप वेळ घेतला, आणि मग वर दाराच्या कडीकडे बघत राहिली.

रबर तिथे असायला नको होता. खोली ब्राह्मीनं जाण्याआधी स्वतः रिकामी केली होती – पुस्तकं मैत्रिणींना, ड्रेस चुलतबहिणींना, लॅपटॉप चुलतभावाला, कपाटात उरले ते नुसते हँगर. तिच्या आईनं, त्रिशलानं, नंतर दोनदा झाडून काढली, पुसून घेतली, कॉटखाली वाकून पाहिलं... तरी हा कुठल्याशा कोपऱ्यात राहिलाच, आणि चौदा महिन्यांनी दीड महिन्याच्या पिल्लानं तो हुडकून काढला. तिनं तांदूळ निवडायचं सूप बाजूला ठेवलं, रबर उचलला, आणि उचलल्यावर त्याचं काय करायचं ते न कळून बांगड्यांच्या मागे मनगटात सरकवला.

ब्राह्मीचे केस कमरेपर्यंत होते. रविवारी न्हायल्यावर ती गॅलरीत उन्हाला पाठ करून बसायची आणि शेवंती त्या ओल्या टोकांशी खेळायची, आणि आई म्हणायची, अगं, गुंता करील ती, ऊठ. त्याच केसांना दीक्षेच्या मांडवात राख लावून बट-बट हातानं उपटली जात होती, आणि समोर बसून, पदर पसरून, मी, तिची आई, ते झेलत होते. कपाळावर एक आठी नव्हती तिच्या. त्याआधी माइकवरून विचारलं होतं – आई-वडिलांची अनुमती आहे का? वडिलांनी, जिनदत्तनी, नुसती मान हलवली. मोठ्यानं सांगा, असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा त्रिशलाच म्हणाली, आहे. आवाज चांगला खणखणीत निघाला. व्हिडिओत आहे तो. मांडवभर जयजयकार झाला, बायका येऊन तिच्याच पाया पडायला लागल्या, धन्य ती आई म्हणून, आणि मुलगी पांढरं लुगडं नेसून, मोरपिसांची पिंछी हातात घेऊन, नवं नाव घेऊन आर्यिका, जैन साध्वी, झाली. आता भेटायला गेलं की आईनंच हात जोडून म्हणायचं, वंदामि माताजी.

म्हणतेही ती. मनापासून म्हणते. यात खोटं काही नाही.

सकाळी दुकानाला निघताना जिनदत्त चपला घालता घालता म्हणाले होते, "अगं, नऊ दिस झाले. उघड की आता ते दार."

"उघडते आज."

"परवा बी असंच म्हणालीस. कीर्ती येनार हाय पाच वाजता. तिच्या जावंला पायजे पिल्लू. ठेवायचं नसंल तर तसं सांग तिला, लोंबत ठेवू नगंस." मग थांबून, दाराशी बसलेल्या शेवंतीकडे बघत, "ही तर सारखी हितंच बसतीया. म्हंजे जमंल की दोघींचं."

जमेल की. असंच तिलाही वाटलं होतं, सुरुवातीला.

कीर्ती ही जिनदत्तच्या बहिणीची मुलगी, तिच्या सासरच्या हळदीच्या गोदामात पोत्यांमागे हे पिल्लू सापडलं – आई नाही, कान हळदीनं पिवळे, आवाज मात्र गोदाम डोक्यावर घेणारा. मामी, ठेवा तुमी, शेवंतीला सोबत व्हईल, असं कीर्ती म्हणाली, आणि सोबत शेवंतीला हवी की मामीला, हे तिनं बोलून दाखवलं नाही, एवढी ती शहाणी आहे. मिरज रोडवरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं. एकदम समोरासमोर आणायचं नाही. चार दिवस पिल्लू वेगळ्या खोलीत, दार बंद. एकीच्या अंगावरून फिरवलेलं फडकं दुसरीजवळ ठेवायचं. दाराच्या अलीकडे एकीची ताटली, पलीकडे दुसरीची, म्हणजे वास आणि जेवण यांची सांगड बसते. मग उघडायचं दार. त्रिशलानं सगळं तसंच केलं. नियम पाळायची तिला सवयच आहे. सूर्य मावळायच्या आत माणसांची जेवणं उरकणाऱ्या या घरात शेवंतीची ताटलीही पावणेसहाला धुऊन पालथी पडते, तिथे डॉक्टरांचे चार नियम म्हणजे काय.

फक्त दार लागेल अशी खोली घरात एकच होती.

दुसऱ्याच दिवशी शेवंती त्या दाराशी येऊन बसली. त्रिशलाला कोण आनंद झाला. फोन करून तिनं दुकानात सांगितलं, ठिबकच्या नळ्या मोजत असलेल्या नवऱ्याला – अहो, वास घेतेय ती, फुसफुस नाही, गुरगुर नाही, शांत बसलीय. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी दुपारी आत धप्प असा आवाज झाला, पिल्लानं कॉटवरून उडी टाकली असणार. त्रिशला स्वयंपाकघरात होती, आणि तिनं काही एक विचार न करता चहाचं आधण ठेवलं, दीड कप, कारण दुपारी उठली की ब्राह्मीला अर्धा कप लागतो... साखर टाकायला डबा उघडला आणि हात तसाच राहिला. बाहेर पाहिलं तर शेवंती उठून उभी होती. शेपूट ताठ, टोकाशी किंचित थरथरणारी. ही शेपूट त्रिशलाला ओळखीची होती. कॉलेजमधून येणाऱ्या गाडीचा आवाज कोपऱ्यावर ऐकू आला की ही शेपूट अशी व्हायची.

तेव्हा तिला कळलं की मांजर पिल्लासाठी बसलेली नाही.

ब्राह्मी गेल्यावर शेवंती तीन आठवडे या दाराशी बसून होती. दुधाला तोंड लावत नव्हती, पाठीचे मणके हाताला लागायला लागले होते. मग हळूहळू, एक दिवस, ती उठली आणि गच्चीत उन्हात जाऊन झोपली, आणि पुन्हा कधी त्या दाराशी आली नाही. केवढ्या कष्टानं उठली असेल ती. आणि मी काय केलं... मी त्या खोलीत पुन्हा हालचाल आणून ठेवली. पावलं आणून ठेवली. आता दार उघडायचं म्हणजे हिला पुन्हा एकदा सांगायचं, की नाही. त्यापेक्षा आणखी एक दिवस राहू दे बंद. पाचवा दिवस गेला, सहावा गेला, पिल्लू आत वाढत राहिलं, एकटंच खेळत राहिलं, त्रिशला दोन-तीनदा आत जायची, दार आपल्यामागे झटकन ओढून घ्यायची, आणि बाहेर आली की शेवंती तिची साडी हुंगायची, पुन्हा पुन्हा, त्याच त्याच जागी.

भेटीला गेले होते तेव्हा सांगायचं होतं हे – शेवंतीनं तीन आठवडे खाल्लं नाही. जिभेच्या टोकावर होतं. माताजी शांत बसल्या होत्या, गालफडं थोडी बसलेली, डोळे मात्र असे स्वच्छ की बघवत नव्हतं. त्यांनी विचारलं, स्वाध्याय चालू आहे ना? त्रिशला म्हणाली, हो माताजी. मांजरीची गोष्ट काढायची म्हणजे सुटलेल्याला पुन्हा बांधायला बघायचं. तिनं नाही काढली. घरी परतताना जिनदत्त गाडी चालवता चालवता म्हणाले, बारीक झालीया. बस, एवढंच.

चार वाजले. तांदूळ निवडून झाले. साडेचार. कीर्तीला काय सांगायचं? घेऊन जा म्हटलं की प्रश्न मिटतो, खोली पुन्हा गप्प होते, शेवंती आठवडाभर बसेल, उठेल. की तिला पुन्हा तीन आठवडे लागतील? आणि आपल्याला?

ती उठली आणि कडी काढली.

शेवंती आत गेली ती पिल्लाच्या अंगावरून. पिल्लू मध्येच बसलं होतं, शेपटी फुलवून, वाकडं होऊन, घाबरून. तिनं त्याच्याकडे एखाद्या पाटाकडे बघावं तेवढंही पाहिलं नाही. सरळ कॉटवर. गादीची घडी हुंगली, भिंतीकडची बाजू, उशीची बाजू. खाली उतरून टेबलाखाली, पाय ठेवायच्या फळीवर. पडद्यामागे. कपाटाचं दार किलकिलं होतं, पंजानं ओढून आत डोकं घातलं, हँगर हलले. पुन्हा कॉटवर. मागून पिल्लू, आता न घाबरता, हा काहीतरी खेळच आहे अशा उत्साहानं धडपडत निघालेलं. शेवटी शेवंती खोलीच्या मधोमध बसली आणि तिनं त्रिशलाकडे तोंड करून आवाज काढला. भुकेचा नव्हे, भांडणाचा नव्हे. लांब, खालच्या पट्टीतला.

आणि त्रिशलाच्या लक्षात आलं की कडी काढल्याबरोबर आपणही आधी पाहिलं ते कॉटकडे. पिल्लाकडे नाही.

ती खाली फरशीवरच बसली.

"नाही गं," ती म्हणाली. "ब्राह्मी नाही आत."

किती दिवसांनी ते नाव तोंडातून आलं होतं. घरात सगळे माताजी म्हणत, तीही म्हणे, मनातसुद्धा म्हणे. आणि नावाच्या मागोमाग जे आलं त्यानं ती चकितच झाली, कारण रडू येईल असं तिला वाटलं होतं, आणि आला तो राग. जाण्याआधी ब्राह्मीनं सगळ्यांची क्षमा मागितली होती, तशी रीतच आहे – आजीची, काका-काकूंची, धुणीभांडी करणाऱ्या मनुबाईंची, शेजाऱ्यांची, शाळेतल्या बाईंच्या घरी जाऊन त्यांची. त्या सकाळी शेवंती शेजारच्या गच्चीवर होती. हाक मारली, आली नाही. गाडी थांबली होती, म्हणून तिची क्षमा मागायचं राहिलं. राहू दिलंस? आठ वर्षं उशाशी झोपलं ते मांजर, पाच मिनिटं थांबली असती गाडी... मला विचारलंस, सगळ्यांदेखत विचारलंस, तिथे मी नाही कशी म्हणणार होते गं? नको होतं मला. दुसऱ्या कुणाच्याही मुलीनं जावं आणि मी जाऊन पाया पडावं, एवढीच माझी पोच होती. आणि हिला तर तू विचारलंससुद्धा नाहीस.

पिल्लू जवळ आलं. शेवंतीनं दात दाखवून फिस्स केलं, उजव्या हाताची एक चापट दिली. ते कोलमडलं, उठलं, दोन पावलं मागे जाऊन बसलं, आणि पुन्हा एक पाऊल पुढे आलं. शेवंतीनं हात उचललेलाच ठेवला. खाली आणला नाही, पुन्हा मारलंही नाही.

बाहेर गाडी थांबली. फाटक वाजलं.

"मामी?" कीर्ती दारातूनच म्हणाली. "न्यायचं काय पिल्लू? जाऊबाई वाट बघत्यात."

"थांब जरा," त्रिशला म्हणाली. आवाज चढा होता, कीर्ती तिथेच थबकली. या आवाजात ती ब्राह्मीला ओरडायची – ओला टॉवेल कॉटवर टाकलास की, परीक्षा उद्यावर आली तरी मांजर घेऊन बसलीस की. चौदा महिने हा आवाज कुठे होता कोण जाणे. माताजींवर रागावता येत नाही. त्यांना फक्त हात जोडायचे असतात. ब्राह्मीवर येतं. आता येत होतं, चांगलं भरभरून येत होतं, आणि फरशीवर दोन मांजरांच्या मध्ये बसून त्रिशला आपल्या मुलीवर रागावत राहिली, ती घरात असताना रागवायची तशीच.