बीचच्या कड्यावरचं मचाण

विन्स्लो साहेब रविवारी संध्याकाळी यायचे होते. दर वर्षी शिकारीला यायचे आणि दर वर्षी हात हलवत परत जायचे. माणूस भला, कधी कुरकूर नाही, पण त्यामुळेच क्लेमाँसला जास्त लागायचं. यंदा त्यांना बीचच्या झाडांच्या कड्यावर बसवायचं, असं तिने ठरवूनच टाकलं होतं. तिथे एक थोराड नर हरीण फिरत होतं. त्याने शिंगं घासून सोललेली खोडं तिने स्वतः पाहिली होती.

नदीकाठच्या त्या उत्तरेकडच्या रानात तिच्या वडिलांनी, ओरेलनी, उभा जन्म लोकांना शिकारीला नेण्यात घालवला होता. मागच्या हिवाळ्यात हृदयाने दगा दिला आणि सगळा कारभार लेकीकडे आला. तेव्हापासून ते शेगडीजवळ बसून चाकूंना धार लावत, दोऱ्यांच्या गाठी तपासत, आणि संध्याकाळी जपमाळ घेऊन डोळे मिटून बसत.

त्या आठवड्यात त्यांनी आपले लोकरीचे कपडे नुसत्या सोड्याने धुतले आणि पडवीत फरच्या झाडाच्या डहाळ्यांमध्ये टांगून ठेवले. साबणाचा, स्वयंपाकाचा, माणसाचा वास जावा म्हणून तिकडे सगळेच असं करतात. क्लेमाँसला वाटलं, पाहुण्यासाठीच ही तयारी. तिने कोट चाचपून विचारलं, साहेबांच्या खांद्यात बसेल ना हा? ओरेलनी चाकूवरून नजर न काढता बसेल म्हणून सांगितलं. तीही खूश होऊन कामाला लागली.

गुरुवारी ती कड्यावर गेली. पाठीवर मचाणाचं सामान, हातात पेट्रोलवरची करवत. दिवसभर खपून तिने मचाण बांधलं, समोरचं नीट दिसावं म्हणून बीचच्या खालच्या फांद्या उतरवल्या. परतली तेव्हा अंगाला तेलाचा आणि ओल्या भुशाचा वास येत होता. रात्रीच्या जेवणाला तिने बकव्हीटच्या पिठाची जाळीदार धिरडी आणि कोंबडीचा रस्सा केला, आणि वाढता वाढता कड्यावरची सगळी हकिगत सांगितली.

ओरेलनी हातातलं धिरडं परत ताटलीत ठेवलं. वारा कुठला होता, विचारलं. पश्चिमेचा, ती म्हणाली. करवत कोणती नेलीस, तेही विचारलं. मग म्हणाले, मचाण नीट आवळलंस ना, साहेब जड आहेत.

शुक्रवारी सकाळी तिचा चुलतभाऊ फिलिआस चुलीची लाकडं टाकायला आला. गाडीतून उतरतानाच त्याची टकळी सुरू झाली.

"काय गं, म्हाताऱ्याला घाबरवलंस की काय? उद्या पहाटे कड्याच्या पायथ्याशी सोड म्हणून महिनाभर माझ्या मागे लागला होता. तुला कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातली होती मला. आणि काल रात्री फोन करून म्हणतो, राहू दे."

क्लेमाँसच्या हातातलं लाकूड हातातच राहिलं.

उद्याचा शनिवार म्हणजे हंगामाचा पहिला दिवस, आणि तो फक्त गावकऱ्यांचा. बाहेरच्यांना सोमवारपासून मोकळीक, रविवारी तर कुणीच बंदूक उचलायची नाही. पाहुण्यांना घेऊन जाणाऱ्याला स्वतःसाठी म्हणून एवढा एकच दिवस मिळतो. पपा आता शिकार करत नाहीत, हे ती परस्पर धरून चालली होती. त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

फिलिआस गेल्यावर ती आत आली. ओरेल शेगडीत ढलप्या सरकवत होते.

"पपा, तुम्ही बोलला का नाहीत? मी आत्ता जाऊन मचाण काढते."

"काढून काय होणार? करवतीचा आवाज ऐकून तो नर तेव्हाच ओढ्यापलीकडच्या दलदलीत उतरला असेल. आता बर्फ पडल्यावर येईल वर."

"मग बर्फ पडल्यावर जाऊ आपण."

"बर्फात कडा चढायचा? माझ्या डॉक्टरीणबाई आधी तुला रागावतील, मग मला," ते हसले. "अगं, तू पाहुण्याचं बघितलंस. मीच शिकवलं ना तुला, आधी पाहुण्याचं बघायचं."

त्यांनी रागावून दोन शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

तरी शनिवारी पहाटे तिने त्यांना कड्यावर नेलंच. बंदूक तिने घेतली, दर थोड्या चढावर थांबली, जणू तिलाच धाप लागली होती. मचाणावर चढणं त्यांना जमणार नव्हतं. ते बुंध्याशी टेकून बसले, ती शेजारी. उजाडलं. खारी आल्या, एक रानकोंबडी पाचोळ्यात खुडबुड करून गेली. कापलेल्या फांद्यांचे पांढरे तुकडे समोर पडले होते, त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवूनही तिची नजर तिकडेच जात होती. ऊन चढलं तरी हरणाचं नावनिशाण नव्हतं.

"मला माफ करा पपा," ती हळूच म्हणाली.

ओरेलनी ओठांवर बोट ठेवलं. जणू अजून काही येणार होतं. बऱ्याच वेळाने त्यांनी स्वतःच तोंड उघडलं.

"साहेबांना इथे बसवू नकोस. फुकट गारठतील. खाली ओढा वळतो ना, तिथून दलदलीतल्या सीडरच्या झाडीत शिर. आत एक बुटकं टेकाड आहे. हाकललेला नर तिथूनच फिरतो. मी कुणालाच सांगितली नाही ती जागा. माझ्यासाठी ठेवली होती."

"मग तिथे आपणच जाऊ ना. आत्ता जाऊ."

"तिथवर माझे पाय जात नाहीत आता."

आणि ते वाट सांगू लागले. कुठे ओढा ओलांडायचा, वारा कुठल्या गालावर घ्यायचा, कुठल्या मोडलेल्या झाडाशी थांबून कान द्यायचा. करवत नेऊ नकोस, एवढं दोनदा बजावलं. क्लेमाँस मान हलवत ऐकत राहिली. तिला ती वाट नको होती, पण ते सांगत होते तोवर त्यांना मध्येच थांबवणं तिला एकदाही जमलं नाही.