रुमालाशिवायचा सौदा

"आधीच विकला गेला नाही, असा एकही खेळ या पृथ्वीवर नाही!" ज्ञानचंद शेठांनी जाहीर केलं आणि मोबाइल डोळ्यांपुढे धरला.

"दादाजी, उलटा धरलाय," नात विधी म्हणाली.

चूक मोबाइलचीच असल्यासारखा त्यांनी तो सुलटा केला. पडद्यावर सत्तर वर्षांपूर्वीची काळीपांढरी अमेरिका होती. धंदेवाईक बेसबॉलचा सामना, हंगामाचा शेवटचा आठवडा. विधीची राज्याच्या संघात कॅचर म्हणून निवड झाली होती. स्पर्धा पंजाबात. दादाजींचा होकार संध्याकाळपर्यंत सरांना कळवायचा होता आणि दादाजींना मुळात पैशासाठी न विकलेला खेळ असतो यावरच विश्वास नव्हता. म्हणून तिने हा सामना लावून दिला होता.

"हे तूच बनवलं नाहीस ना? हल्ली मोबाइलवर मेलेली माणसंही बोलतात."

"यातले बहुतेक मेलेलेच असतीन, शेठ," चुडामण म्हणाले. असोद्याहून केळीच्या गाडीबरोबर जळगावात आले, की शेठांच्या ओट्यावर चहा घेतल्याशिवाय ते परतत नसत.

"थांब! हा खाली बसलेला मांड्यांमध्ये बोटं काय हलवतोय?"

"तोच कॅचर. कुठला चेंडू टाकायचा, ते पिचरला सांगतो."

शेठांनी चुडामणांकडे पाहिलं. दोघांची उमर बाजारात गेली होती. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवण्यात.

"सौदा चाललाय," शेठ हळूच म्हणाले. "आणि तोही उघड्यावर! तो मधल्या पांढऱ्या चौकोनावर उभा आहे, तो समोरच्या संघाचा ना? सगळं बघतोय की!"

"म्हणून तर तीन-चार खुणा करायच्या. त्यातली एकच खरी."

"बाकीच्या खोट्या?"

"हो."

"आणि हे तू करतेस."

आत भाजी निवडणाऱ्या मंजूचा, विधीच्या आईचा, हात थांबला.

"समोरच्यांसाठी, दादाजी. आपल्या माणसाला खरी कुठली ते माहीत असतं."

"मग घरी आम्ही कुठल्या बाजूला?"

चुडामण खोकले.

"शेठ, तुमी रुमालाखाली मले काय सांगत व्हते अन् तोंडानं काय बोलत व्हते, ते सांगू का पोरीले?"

"तुझा चहा गार होतोय."

शेवटचा डाव होता, धावा बरोबरीत. कॅचरने बोटं दाखवली. पिचरने मान हलवली.

"नाही म्हणाला!" शेठ पुढे सरकले. "भाव पटला नाही त्याला."

पुन्हा बोटं. पुन्हा नकार. तिसऱ्यांदा पिचरने होकार दिला आणि शेठांनी सुस्कारा सोडला. "ठरला."

चेंडू सुटला, आणि बॅटवर लागून लांब गेला. मधल्या चौकोनावरचा गडी जीव खाऊन धावत सुटला. दुरून फेकलेल्या चेंडूसाठी कॅचर हात पसरून उभा राहिला. चेंडू आला, पण गडी त्याआधीच धुळीतून घसरत कॅचरपुढच्या घरच्या बेसवर पोचला होता. पंचांनी दोन्ही हात आडवे केले, म्हणजे जिंकणारी धाव पूर्ण. सामना संपला.

लोक मैदानात घुसले. कॅचरने उलट्या टोपीवर चढवलेली तोंडाची जाळी काढली आणि तो तिथेच गुडघ्यांवर बसून राहिला. चेंडू अजून हातात होता. त्याच्या आजूबाजूने माणसं नाचत गेली.

शेठ बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. विधीने मोबाइल घ्यायला हात पुढे केला, तो त्यांनी दिला नाही.

"यानं सामना विकला असता," ते म्हणाले, "तर एव्हाना उठून कपडे झटकले असते."

मग त्यांनी आतल्या दाराकडे तोंड वळवलं.

"मंजू, पंजाबात आपल्या जैन माणसाला दिवस मावळायच्या आत जेवायला देतात का, त्या सरांना विचार. नाहीतर खाकरे जास्त बांध."

विधी जागची हलली नाही. फक्त तिने आईकडे पाहिलं.

"आणि काय गं," शेठ आवाज खाली आणून विधीला म्हणाले, "येताना याच्यासारखी एक टोपी आण."

चुडामणांनी कपातून मान वर काढली आणि दोन बोटं दाखवली.

"एकच," शेठ म्हणाले.