रकाना तीन: झाडाचे नाव

सव्वाअकरा वाजता आत्याने खाली पडलेलं एक फूल उचललं, नखाने उभं चिरलं, आत डोकावून बघितलं आणि झाड ओळखलं. हे असं काही झालं नाही. कार्यालयाच्या कागदांत त्याचा मागमूस नाही आणि तिथे हजर असलेल्या तिघांना विचारलंत, तर तिघंही अत्यंत प्रामाणिक चेहऱ्याने नाही म्हणतील. त्या चेहऱ्यासाठी थोडा सराव करावा लागला, एवढंच.

झालं ते असं. रस्ता रुंद व्हायचा होता आणि आत्याचा भाचा त्या कामावर मोजणीदार होता. रस्त्याकडेची झाडं मोजून तक्त्यात भरायची, हे त्याचं काम. दोनशे अकरा भरून झाली होती. दोनशे बारावं, पंक्चरच्या दुकानाला टेकून उभं असलेलं, तीन दिवस त्याला छळत होतं. तक्त्यातला तिसरा रकाना कोरा ठेवता येत नव्हता, ‘इतर’ चालत नव्हतं, आणि पुढे मान्यताप्राप्त वृक्षतज्ज्ञाची सही लागत होती. कार्यालयाच्या यादीत तज्ज्ञ तीन. पहिले वारले होते, दुसरे परदेशी गेले होते. कार्यालय या दोन्हींत फरक करत नसे. तिसरी आत्या.

आत्या चौतीस वर्षं शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाली होती आणि ‘माहीत नाही’ हे शब्द तिने आजवर तोंडातून काढलेले नव्हते. एकदा दवाखान्यात ताप घेऊन गेली असताना, पडद्यावर छापलेलं फूल जगात कुठेही उगवत नाही, असं तिने डॉक्टरांना लेखी कळवलं होतं. डॉक्टरांनी पडदा बदलला. ताप आपला आपण उतरला.

बसमधून उतरून ती झाडासमोर उभी राहिली. चष्मा काढून पुसला, घातला, परत काढून पुसला.

वर पानांचं दाट छप्पर होतं, पण फुलांनी पानांशी संबंध ठेवलेला नव्हता. ती थेट खोडातून फुटली होती. जमिनीपासून हातभर उंचीवर सुरुवात करून वर मान दुखेपर्यंत नुसती फुलं: लोण्याच्या रंगाची, गळ्याशी गर्द किरमिजी. फांद्यांवर पोचवायचा माल कुणीतरी कंटाळून जिन्यातच उतरवून निघून गेल्यासारखा.

“आत्या, पटकन बघ ना. साहेबांचा तीनदा फोन आलाय.”

“साहेबांना सांग, ते आज सकाळी उगवलेलं नाही.”

पंक्चरवाल्याने स्टूल आणून ठेवलं.

“बसा बाई. बसूनच बघावं लागतं. मी एकोणीस वर्षं बघतोय, अजून संपलं नाही.”

“तुम्ही काय म्हणता याला?”

“मी काही म्हणत नाही. हाक मारायची वेळच आली नाही कधी. ते जातंय कुठे?”

आत्या हसली. मग तिने झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या. साल चिमटीत धरून पाहिली, पानाची मागची बाजू गालावरून फिरवली, मुंगी कुठल्या फुलात शिरते आणि कुठल्या नाही, याची चौकशी केली. भाचा घड्याळ बघायचं विसरला. लहानपणी तिच्याबरोबर चालताना पाच मिनिटांच्या वाटेला तास लागायचा आणि घरी दोघांना बोलणी बसायची, तेव्हाही ती अशीच दिसायची.

मग ते फूल, ते नख. तिने नाव घेतलं. हळूच, हजेरी घेताना खूप दिवस गैरहजर असलेलं पोर अचानक ‘हजर’ म्हणावं आणि बाईंचा आवाज अडकावा, तसं. भाच्याने झडप घातल्यासारखं पेन टेकवलं आणि पहिलं अक्षर काढलं: म.

“लागलं का नाव?” पंक्चरवाल्याने विचारलं. “मग आता काय होणार?”

“नाव लागलं की नंबर पडतो,” भाचा वर न बघता म्हणाला, “नंबर पडला की सोमवारी करवत. बिननावाचं झाड तोडता येत नाही ना. परवानगी कुणाच्या नावाने काढणार?”

पंक्चरवाला ट्यूब पाण्यात फिरवत राहिला. एका जागेतून बुडबुडे भसाभस येत होते. त्याने खूण केली नाही.

आत्याच्या तळहातावर फुलाचे दोन अर्धे होते. तिने ते एकमेकांना लावून पाहिले.

“दाखव तो तक्ता.”

“एकच अक्षर झालंय. पुढे काय? जोडाक्षर आहे का?”

“काना राहिलाय तुझा,” ती म्हणाली आणि पेन काढून घेतलं. तिने ‘म’ला काना दिला. पुढे वळणदार अक्षरात लिहिलं: हीत नाही. खाली सही, सहीखाली पदवी, पदवीखाली तारीख.

“अगं आत्या, मी ऐकलंय!”

“काय ऐकलंस?”

भाच्याने तक्त्याकडे बघितलं, मग वर, मान दुखेपर्यंत.

“काही नाही. मधूनच ट्रक गेला.”

“फार मोठा होता,” पंक्चरवाला म्हणाला. रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा होता.

साहेबांचा चौथा फोन आला. भाच्याचा फोन जुना होता. तो कानाला लावला, तरी गावाला ऐकू जाई.

“माहीत नाही? तुमच्या आत्याबाईंना? वय झालं हो त्यांचं. शिकवलेलं विसरल्या वाटतं सगळं.”

भाच्याने फोन घट्ट दाबून धरला, पण उशीर झाला होता. आत्याने हात पुढे करून फोन मागून घेतला. तिचे कान लाल झाले होते.

“खरंय साहेब. विसरले. यादीतून माझं नाव कमी करा.”

“करतोच,” साहेब म्हणाले.

यादीत आता कुणीच उरलं नव्हतं. हे साहेबांच्या ध्यानात आलं नाही. आत्याच्या आलं असावं, कारण चष्मा पुसताना ती गुणगुणत होती.

साहेबांच्या हुकमानुसार, ओळख न पटलेल्या वस्तूला देतात ती नोटीस भाच्याने तिथेच स्टुलावर बसून लिहिली. आत्याने दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. पंक्चरवाल्याने चिकटवायला ट्यूबचं सोल्यूशन दिलं आणि एक ओळ वाढवायला लावली. फुलं वगळून खोडावर जागा शोधण्यात पाऊण तास गेला.

“सूचना. सदर झाडाची ओळख पटलेली नाही. तरी झाडाने आपले नाव व कूळ यांच्या पुराव्यांसह, ओळखीच्या दोन व्यक्ती सोबत घेऊन, कार्यालयीन वेळेत समक्ष हजर राहावे. येताना सावली जागेवरच ठेवून यावे, ही विनंती.”