पायऱ्यांचा नवस

गोवर अंगावर होता तोवर सगळ्यांना गोवराचीच भीती होती. तो उतरला तेव्हा शेणव्याच्या वरच्या पाड्यावर कुणालाच कशाची भीती उरली नाही. सुंदरालाही नाही. तिची गोदू सात वर्षांची. माघात तिच्या अंगभर लाल पुरळ उठलं, डोळे चिकटले, अंगाला हात लाववेना इतका ताप. घरात फोडणी बंद, दारात लिंबाचा डहाळा. एका दुपारी पोर डोळे फिरवू लागली, तेव्हा सुंदराच्या सासूने, धोंडीबाईने, टेकडीवरच्या गावदेवीकडे तोंड करून पदर पसरला होता. "आये, पोर ठेव. तिच्या पायानं ती तुज्या पायऱ्या चढंल."

पोर राहिली. पुरळ सुकलं, लिंबाच्या पाण्याने अंघोळ झाली, देवीला दहीभात दाखवला.

आणि एके सकाळी गोदू अंगणातून घरात येता येता उंबऱ्यावरच बसली. ओठ जांभळे.

"आये, दम लागला गो."

पावलं सुजली होती. भाताचा घास पोटात ठरेना.

"नवस राहिलाय," धोंडीबाई म्हणाली. "देवी वाट बगते."

सुंदराचा नवरा लडकू मुरबाडकडे कोळशाच्या भट्ट्यांवर गेला होता. विचारायचं कुणाला? तिने शेजारच्या देवजीची बैलगाडी मागितली, गवत अंथरलं आणि पोरीला शहापूरच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी बराच वेळ छातीला नळी लावून ऐकलं. मग त्यांनी सुंदराला सांगितलं, "तुमचा हात पोरीच्या छातीवर ठेवा. आता स्वतःच्या ठेवा. फरक कळतो?"

कळत होता. तिचं स्वतःचं काळीज मुसळासारखं ठेक्यात पडत होतं. गोदूचं धावायचं, अडखळायचं, मधेच थांबायचं आणि पुन्हा धावायचं.

"गोवर गेला, पण त्याच्या विषाने काळजाला सूज आली," डॉक्टर म्हणाले. "ती उतरवायचं औषध माझ्याकडे नाही. पडून राहणं हेच औषध. मी पुन्हा तपासेपर्यंत तिने दारापर्यंतसुद्धा चालायचं नाही."

"सायेब, नवस हाय. देवीच्या पायऱ्या चढायच्यात."

"उचलून न्या."

"तिच्या पायानं बोललाय."

डॉक्टर रागावले नाहीत. "मग देवीला थांबायला सांगा. आणि ऐका, पोर बरी दिसायला लागेल तेव्हा जास्त जपा. वरून बरी दिसेल, आतून नसेल."

बाकीचं सगळं सुंदराने लक्षात ठेवलं. हे शेवटचं मात्र तिला उमगलं नाही. बरं दिसणं म्हणजेच बरं असणं. तापात तसंच, जखमेत तसंच, गुराढोरांत तसंच.

गोदू बाजेवर पडून राहिली. पाणी भरायला जाताना शेजारची भिमी दारातून डोकवायची. "राणी झाली गो तुजी पोर! पाय खाली टाकीत नाय. आता पालखी आणा!" गोदू हसायची. सुंदरा हसायची नाही. येता-जाता ती पोरीच्या छातीवर हात ठेवून बघायची.

पावलांची सूज ओसरली. गोदू भाकर मागू लागली, बाजेवरूनच कोंबड्यांना हाका मारू लागली. पाडवा तोंडावर आला आणि धोंडीबाई पुन्हा बोलली.

"बरी झाली ना? देवीनं सवड दिली. आता नाय गेलो तर पोरीला पुन्ना पाडंल."

"आत्या, डाक्टरला एकदा दाखवू."

"दाखव. कशातून नेशील? देवजीचे बैल लाकडं ओढायला गेले, ते कदी येतील त्याला ठावं." म्हातारीचा आवाज चिरकला. "मला काय हौस हाय? ती मेली तर मी कुनासाठी जगू?"

सुंदराने रात्रंदिवस विचार केला. पोर खालावली तेव्हा म्हातारी म्हणाली, देवी कोपली. पोर सुधारली तेव्हा म्हणाली, देवी थांबली. दोन्ही वेळा वाट टेकडीकडेच जात होती. आणि डॉक्टर? ते तर शहापुरात. देवी मात्र दारातून दिसायची.

शेवटी ती म्हणाली, "पायथ्यापर्यंत मी कडेवर नेईन. पायऱ्या तेवढ्या ती चढंल. हळू."

पाडव्याला धोंडीबाईने ओटीसाठी नवं लुगडं घेतलं. पायथ्याशी सुंदराने गोदूला खाली उतरवलं. इतक्या दिवसांनी पायांखाली जमीन आली म्हणून पोर खुशीत होती. "आजी, तूच मागं राशील बग!" म्हणत ती चढू लागली. सुंदराचा हात तिच्या पाठीवर होता. त्या हाताला आधी ठेका लागत होता. मग धावणं. मग अडखळणं.

"बस, गोदू. बस जरा."

"नको, आलंच की."

देऊळ अगदी समोर आलं आणि पोरीचे पाय दुमडले. सुंदराने तिला वरच्यावर झेललं. तोंड राखेसारखं, ओठ पुन्हा जांभळे, कपाळावर गार घाम.

"दोनच ऱ्हायल्या गो!" ओटी घेऊन पुढे गेलेली धोंडीबाई वरून ओरडली. "पाय टेकव तिचे, नुस्ते टेकव!"

"नाय!" सुंदराने पोरीला पायरीवर आडवं केलं. आयुष्यात पहिल्यांदा ती सासूवर ओरडली होती. "आता तुजी देवी खाली येऊ दे!"

धोंडीबाई तरातरा खाली आली ती भांडायलाच. पण सुंदराने तिचा हात धरून गोदूच्या छातीवर दाबला. एक ठोका. मग काहीच नाही. मग घाईघाईने कितीतरी.

धोंडीबाई उठली, उरलेल्या पायऱ्या चढली. सुंदराला वाटलं, गाऱ्हाणं घालायला गेली. म्हातारी परतली तेव्हा तिच्या हातात देवळापुढच्या निशाणाचा बांबू होता. निशाण तिने सोडून देवीपुढे ठेवलं होतं. ओटीचं लुगडं तिने बांबूला बांधलं, गाठी ओढून पाहिल्या.

"कोनाला हाका मारत बसू नको," ती म्हणाली. "पुडं तू धर. शापूरला."

देवीच्या लुगड्यात गोदूला आडवी घालून दोघी खाली उतरल्या. वाट उन्हाने तापली होती. शेतातल्या धसकटांत पाय फाटत होते. म्हातारीचा श्वास फुलला होता, तरी दर बांधाला ती बजावायची, "हळू गो, हिसका लागतो."

झोळीतून बारीक आवाज आला. "आजी, नवस फिटला का?"

सुंदराचं पाऊल क्षणभर अडलं. साऱ्या पाड्यात देवीच्या नावाने कधी खोटं बोलली नव्हती अशी ही एकच म्हातारी होती.

"फिटला बाय माजे," धोंडीबाई म्हणाली. "समदा फिटला. तू बोलू नको, पडून ऱ्हा."

गोदू गप्प झाली. सुंदराचे दोन्ही हात बांबूवर होते. पोरीच्या छातीवर ठेवायला एकही मोकळा नव्हता. ती चालत राहिली.