विल्फ्रीदोंच्या अंगणातला फोटो

मित्रांनो, टेबलावर ठेवला की थरथरत थरथरत कडेपर्यंत सरकत जाणारा एखादा जुना मोबाइल तुम्ही पाहिला असेल. मीही तसाच एक. माझ्या काचेला कोपऱ्यातून तडा गेला आहे, पाठ चिकटपट्टीनं धरून ठेवली आहे, आणि चार्जरची पिन जरा तिरकी धरली तरच माझ्या पोटात चार घास जातात. पण मला सांगायचं आहे ते माझ्या म्हातारपणाविषयी नाही. एक फोटो माझ्यातून गेला, आणि त्यानंतर मला स्वस्थता अशी मिळालीच नाही. त्या फोटोविषयी सांगायचं आहे.

माझा जन्म दूर पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. पांढरे हातमोजे, लख्ख उजेड आणि अगदी माझ्यासारखी दिसणारी भावंडांची रांग, एवढंच. पुढे ब्वेनोस आयरेस शहरात म्हाताऱ्या माणसांची सेवा करणाऱ्या निल्दा नावाच्या बाईनं मला विकत घेतलं. स्वेटर आणि साबणाच्या वड्या यांच्यामध्ये कोंबून तिनं मला बसनं आपल्या आईकडे, पाराग्वायला धाडलं.

तिची आई म्हणजे दोन्या ब्रिहिदा, म्हणजेच ब्रिहिदाबाई. सान ब्लास वस्तीतल्या कोपऱ्यावर त्यांचं लहानसं किराणा दुकान होतं. माझा डबा उघडल्यावर त्यांनी आधी मला देवघरात संत ब्लासच्या तसबिरीपुढे ठेवलं आणि माझ्यावर तीर्थ शिंपडलं. दोन थेंब माझ्या स्पीकरमध्ये गेले. तेव्हापासून माझा आवाज जरा घोगराच आहे.

बाई फार मृदू बोलत. पहाटे प्रार्थना, शुक्रवारी मांस वर्ज्य आणि संध्याकाळी जपमाळ, हा त्यांचा नेम कधी चुकला नाही. जपमाळेच्या वेळी त्या मला तसबिरीपुढे उपडं ठेवत आणि कितीही हाका आल्या तरी हात लावत नसत.

वस्तीचा एक ग्रुप होता, ‘सान ब्लासची फेरी’. बाई त्याच्या अ‍ॅडमिन. सुरुवातीला त्यात सकाळची फुलं येत, वाढदिवसाचे केक येत, कुणाची कोंबडी हरवली तर तिचं वर्णन येई. मी सुखात होतो. मग एका दुपारी मिर्तानं विचारलं, “आपल्या शाळेचं छप्पर कधी होणार? सुट्टी संपत आली. पोरांनी परत बादल्यांच्या मधे बसून पाढे म्हणायचे का?”

बस्स. त्या दिवसापासून माझी थरथर थांबली नाही.

मिर्ता दवाखान्यात परिचारिका होती. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या निळा रुमाल. समोर होते एवारिस्तोराव, आमच्या भाषेत काराई एवारिस्तो, बस चालवून निवृत्त झालेले, लाल रुमालाचे. नगराध्यक्षही लालच. हे पक्षांचे रुमाल आमच्याकडे मिरवणुकीत गळ्यात बांधतात, पण खरं तर ते जन्मतःच बांधलेले असतात.

“छप्पर नगरपालिकेनं करायचं असतं, काका. कायदा वाचा जरा,” मिर्ता लिहायची.

काराई एवारिस्तो लिहीत नसत. ते आवाजी निरोप पाठवत, लांबलचक, मागे कोंबडा आरवतोय असे. “पोरी, कायदा तू मला शिकवू नकोस. तुझे निळे गादीवर होते तेव्हा शाळेला छप्पर सोड, दार तरी होतं का? मंत्रालय झोपलंय, त्याला आमचा नगराध्यक्ष काय करणार?”

“काका, तुमचा कोंबडा तुमच्यापेक्षा मुद्द्याचं बोलतो.”

“त्याला निदान मत विकता येत नाही!”

मग हसणारे चेहरे यायचे, चिडलेले यायचे, कुणी जुन्या बातम्या टाकायचं, कुणी ग्रुप सोडायचं आणि दुपारी जेवून परत यायचं. मित्रांनो, मला ते वाद वाईट वाटत नसत. लोक आपल्या नगरपालिकेला जाब विचारत होते, आणि तो त्यांचा हक्कच होता. पण कोण बरोबर आहे ते पाहायला शाळेपर्यंत कुणीच चालत जात नव्हतं. शाळा दुकानाच्या दारातून दिसत होती.

अशातच नगरपालिकेच्या पानावर एक हसरा फोटो झळकला: ‘सान ब्लास शाळेच्या छपराचं काम पूर्ण.’ छप्पर तर नव्हतंच. ग्रुप पेटला. छपरासाठी आलेले पत्रे गेले कुठे?

संत ब्लासचा सण जवळ आला होता. सणाआधी नऊ संध्याकाळ प्रार्थना असते. अशाच एका संध्याकाळी बाई शेजारणींबरोबर जपमाळ ओढत होत्या आणि मी उपडा पडलो होतो. तेवढ्यात काराई एवारिस्तोंनी भाच्याकडून आलेला एक फोटो ग्रुपवर टाकला. भिंतीवरून हात उंच करून काढलेला. आंब्याचं झाड आणि त्याखाली चमचमणाऱ्या नव्या पत्र्यांची चळत. अंगण होतं काराई विल्फ्रीदोंचं.

काराई विल्फ्रीदो वेल्डिंगचं काम करत आणि शाळेच्या पालक समितीचे अध्यक्ष होते. अबोल माणूस. ग्रुपवर कधी अंगठ्याखेरीज काही टाकलं नसेल.

“हे घ्या तुमचे पत्रे,” काराई एवारिस्तोंचा आवाज आला. “तुम्ही इथे नगराध्यक्षाच्या नावानं खडे फोडताय आणि माल अध्यक्षसाहेबांच्या आंब्याखाली पिकतोय!”

“शी! लहान पोरांचं छप्पर?” मिर्तानं लिहिलं. “काका, आज पहिल्यांदा तुमचं पटलं मला.”

त्या संध्याकाळी लाल आणि निळे एका सुरात बोलले. मी थरथरत होतो. तसबिरीपुढे थरथरत सरकलो, मेणबत्तीला धडकलो आणि खाली पडलो. काचेला गेलेला हा तडा तेव्हाचा. बाईंनी मला उचललं, न पाहता परत उपडं ठेवलं, आणि पुढचा मणी धरला. नेम म्हणजे नेम. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो.

जपमाळ संपली तोवर तो फोटो बाजाराच्या ग्रुपवर गेला होता, बसवाल्यांच्या ग्रुपवर गेला होता, नदीपलीकडच्या वस्तीत गेला होता. आमच्या ग्रुपवर शेवटी एक करडी ओळ होती: विल्फ्रीदो यांनी ग्रुप सोडला. सकाळी त्यांच्या फाटकावर कुणीतरी चुन्यानं ‘चोर’ लिहून ठेवलं होतं. त्यांनी शाळेत जाऊन समितीचं अध्यक्षपदही सोडलं.

बाईंनी मला हातात घेऊन सगळं वाचलं. मग संत ब्लासकडे पाहून हलकेच म्हणाल्या, “इकडे तुमचं नाव घेत होते आणि तिकडे एकाचं नाव जात होतं. मला हाक तरी मारायची.” आणि मला अ‍ॅप्रनच्या खिशात टाकून त्या निघाल्या.

फाटक विल्फ्रीदोंच्या बायकोनं, सेल्सानं उघडलं. तिच्या हातात चुना पुसायचा ब्रश होता.

“या, या. चोराचं घर बघायला आलात? जपमाळ आणलीत की फोन?”

“दोन्ही आणलंय, सेल्सा. जे लागेल ते वापरू.”

सेल्साला हसू आलं नाही, पण ती बाजूला झाली. काराई विल्फ्रीदो आंब्याखाली बसले होते. बाईंनी विचारलं तेव्हा त्यांनी जमिनीकडे पाहत सांगितलं. शाळेला कुंपण नाही. मागे पंखे गेले, नळ गेले. म्हणून मुख्याध्यापिकेनंच पत्रे त्यांच्या अंगणात ठेवायला सांगितले होते. पण पत्रे चढवायचे कशावर? नगरपालिकेनं तुळयाच पाठवल्या नव्हत्या. ते कचेरीत कितीदा जाऊन बाकावर बसून आले होते.

“मग ग्रुपवर का नाही सांगितलंस, बाबा?”

“काय सांगायचं, दोन्या ब्रिहिदा? तुळया नाहीत म्हटलं असतं तर काराई एवारिस्तो म्हणाले असते हा निळा झाला. गप्प बसलो तर मिर्ता म्हणते लाल आहे. मी वेल्डर आहे हो. मला कुणी तुळया आणून द्या, एवढंच.”

बाईंनी मला बाहेर काढलं आणि चित्रफीत काढली: पत्रे, मुख्याध्यापिका, तुळयांवाचून उभ्या असलेल्या शाळेच्या उघड्या भिंती. ती ग्रुपवर टाकली. काहींनी लगेच माफी मागितली. पण सगळे कुठले ऐकणार!

“आता बोंब झाल्यावर परत आणून ठेवले असतील,” कुणी लिहिलं.

काराई एवारिस्तोंचा कोंबड्यासकट निरोप आला, “दोन्या ब्रिहिदा, तुम्ही देवमाणूस. तुम्हाला कुणीही फसवील.”

तेव्हा बाईंनी आयुष्यातला पहिला आवाजी निरोप पाठवला. तोंडाजवळ धरून, एखाद्या आजारी माणसाशी बोलावं तशा हळू आवाजात.

“काराई एवारिस्तो, तुम्ही तेरेरे करता तेव्हा शिंगाच्या पेल्यात पानं भरून त्यावर बर्फाचं पाणी ओतता. तो पहिला घोट कुणी पीत नाही. तो संत तोमासचा, म्हणून तसाच ठेवता. का हो? ज्यानं स्वतः पाहिल्याशिवाय, बोट लावल्याशिवाय मानलं नाही, त्याचा मान म्हणूनच ना? मग बातमीचा पहिला घोट आपण का घटाघटा पितो? आजपासून या ग्रुपवर बातमी आली की पहिला घोट संत तोमासचा. कुणीतरी जाऊन पाहून येईपर्यंत बाकीच्यांनी गप्प बसायचं. मग हवं तेवढं भांडा. आणि पहिल्यांदा जाणार तुम्ही.”

ग्रुप गप्प झाला. इतका, की मला वाटलं माझी बॅटरीच गेली.

काराई एवारिस्तो गेले. गळ्यात लाल रुमाल आणि काखेत पाण्याचा थर्मास. आधी त्यांनी आंब्याखाली पत्र्यांना बोट लावून पाहिलं, मग नगरपालिकेत जाऊन बाकावर बसले. आपल्या पक्षाचे म्हणून त्यांना कॉफी मिळाली, उत्तर नाही मिळालं. परत येऊन त्यांनी एकच ओळ टाकली, तीही टंकून: ‘पाहिलं. विल्फ्रीदो खरं बोलतो.’

त्या आठवड्यात नगरपालिकेच्या पानावर नगराध्यक्षांचं थेट प्रक्षेपण होतं. ते हसत हसत कामं सांगत होते आणि खाली ‘देव तुमचं भलं करो’च्या ओळी वाहत होत्या. आमचे लोक आपापल्या अंगणात बसले होते आणि सगळे एकच विचारत होते: सान ब्लास शाळेच्या तुळया कुठे आहेत? शिवी नाही, रुमालाचा रंग नाही. प्रश्न पुसले जात. हे परत लिहीत. बाईंचं बोट माझ्या तड्यावर अडत होतं तरी त्या लिहीत होत्या. मग काराई एवारिस्तोंचं नाव दिसलं: ‘मी लाल रुमालात वाढलो, त्यातच पुरला जाईन. पण मी स्वतः पाहून आलोय. काम पूर्ण झालं हे कुणी पाहून लिहिलं, त्याचं नाव सांगा. आणि तुळया कुठे आहेत?’

ती ओळ पुसायचं धाडस कुणाला झालं नाही. नगराध्यक्षांचं हसू मध्येच थांबलं. “तपासतो,” ते म्हणाले.

शाळा उघडण्याआधी तुळया आल्या. काराई विल्फ्रीदोंनी त्या बसवल्या, पत्रे चढवले. खाली काराई एवारिस्तो शिडी धरून उभे होते.

“घट्ट धरा हो,” वरून आवाज आला. “ढकलायची सवय आहे तुम्हाला.”

“धरलीय, बाबा,” काराई एवारिस्तो म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर मी सुखानं विसावलो असतो. पण काराई विल्फ्रीदो ग्रुपवर परत आले नाहीत. समितीतही नाहीत. बाईंनी खरी हकीकत बाजाराच्या ग्रुपवर पाठवली, नदीपलीकडेही पाठवली. पण फोटो जसा उड्या मारत गेला तशी ती गेली नाही. तिच्यात कुणाला चव नव्हती. मागच्या महिन्यात सेल्सा पलीकडच्या वस्तीत पीठ आणायला गेली, तर दुकानदारीण शेजारणीला म्हणाली, “ही त्या पत्रेवाल्याची बायको ना?” सेल्सा पीठ न घेताच परत आली. हे तिनं बाईंना सांगितलं तेव्हा मी खिशातच होतो.

आता निल्दानं आईला नवा फोन पाठवला आहे. ग्रुप त्याच्यात गेला. मी खिडकीत पडून असतो. अधूनमधून बाई मला तिरक्या पिनेनं चार्ज करतात, कारण त्यांच्या दिवंगत यजमानांचा आवाज असलेला एक जुना निरोप माझ्यात आहे.

मित्रांनो, सरकारला प्रश्न विचारा, जरूर विचारा, सोडू नका. पण तुमच्या बोटाखाली एका माणसाचं नाव असतं हेही लक्षात असू द्या. ते काचेसारखं जपा. आंब्याखालच्या पत्र्यांचा तो फोटो अजून कुठेतरी फिरतोच आहे. तुमच्याकडे आला तर नुसता पुसू नका. त्यानं तुमचा फोन स्वच्छ होईल, विल्फ्रीदोंचं नाव नाही. ज्यानं पाठवला त्याला उलट कळवा, की ते पत्रे आता शाळेवर आहेत आणि त्यांची राखण करणारा माणूस चोर नव्हता. त्यालाही सांगा, त्यानं ज्याच्याकडून घेतला त्याला कळवावं. आणि कधी सान ब्लासला आलात, तर त्यांच्या घरी जरूर जा. आमच्याकडे दारावर थाप मारत नाहीत, फाटकाशी उभं राहून टाळी वाजवतात. सेल्सा लगेच येईल असं नाही. टाळी वाजवा, आणि थांबा.