आरतीच्या कव्हरातली दगडाबाई

सोमवारी सकाळी सव्वाअकरा वाजता ईश्वरप्पांनी रेकॉर्डींची पेटी उघडली, तर आरत्यांचा कप्पा रिकामा. साल १९९५, पितृपक्ष सुरू होता आणि गुरुवारी ओव्या गाणाऱ्या दगडाबाईची तिथी होती.

ईश्वरप्पांनी पंचवीस वर्षं केज तालुक्यातल्या लग्नांत भोंगा लावला. पुढे घरोघरी टेप आले आणि धंदा बसला. पेटी मात्र त्यांनी विकली नाही.

"मामा, आरत्या मी लिंबागणेशच्या देवळात दिल्या," सून कावेरी म्हणाली. सासरे महिन्यापूर्वी डोळ्याच्या ऑपरेशनला सोलापूरला गेले होते, तेव्हाची ही गोष्ट. "तुमच्या आवडीच्या एकीलाबी हात लावला न्हाई. हे बघा."

तिने लावणीच्या कव्हरातली रेकॉर्ड काढून मशीनवर ठेवली. गणपतीची आरती सुरू झाली. तिने दुसरं कव्हर उघडलं. त्यातून देवीची आरती निघाली. कावेरी सासऱ्यांकडे बघत राहिली.

मांडवात पेटीभोवती वऱ्हाडी जमत. थोडी घेतलेला एखादा आवडती रेकॉर्ड सदऱ्यात घालून पसार होई. आरतीच्या कव्हराला मात्र कोणी हात लावत नसे. म्हणून ईश्वरप्पा भारी रेकॉर्डी आरत्यांच्या कव्हरात घालत आणि आरत्या लावण्यांच्या. ही युक्ती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. धंदा बंद झाल्यावर घरात सांगायला हरकत नव्हती, पण ते राहून गेलं.

देवळात गेलेल्या चाळीस रेकॉर्डींत एक लावणी अशी होती, की युसुफवडगावच्या लग्नात ती लागल्यावर काठ्या उगारलेले दोन्हीकडचे लोक नाचायला लागले. एक ओरखडा पडलेली होती. ती एका ओळीवर तीनदा अडखळायची. ईश्वरप्पांनी तिच्या जागी नवी आणली, तर लोक म्हणाले, आपली अडखळणारीच लावा. आणि एक दगडाबाईची होती. मेंढरं राखणाऱ्या दगडाबाईला एका कंपनीने औरंगाबादला नेऊन तिच्या ओव्या भरून घेतल्या. रेकॉर्ड खपली नाही. ईश्वरप्पांना ठाऊक असलेली प्रत ही एकच. दगडाबाईचा मुलगा बिभीषण दरवर्षी तिथीला सकाळी केजला येई, दोन्ही बाजू ऐके आणि मग घरी जाऊन कावळ्याला घास ठेवी.

ईश्वरप्पांनी त्याला निरोप धाडला. बुधवारी सकाळी दोघं एसटीने मांजरसुंब्याला आणि तिथून जीपने लिंबागणेशला निघाले. बॅटरीवरचं मशीन ईश्वरप्पांच्या मांडीवर होतं.

"आरतीच्या कव्हरात ठिवलं व्हय माझ्या आईला?"

"सगळ्यांत जपून ठेवलं होतं."

"लई जपलं अप्पा. तुमाला बी सापडंना."

ईश्वरप्पांनी मांडीवरचं मशीन सावरलं. तीन वर्षांपूर्वी बिभीषण कोरी कॅसेट घेऊन आला होता, ओव्या उतरवून द्या म्हणाला होता. कॅसेटीत आवाज पातळ होतो, असं सांगून त्यांनी ती परत दिली होती.

देवळामागे गणेश मंडळाचा शहादेव भेटला. "अप्पा, मशीन कुठाय आमच्याकडं? पोरांनी मखराला लावल्या त्या."

गणपतीमागे चक्रं करायची म्हणून पोरांनी रेकॉर्डी दोन्ही बाजूंनी चंदेरी रंगवल्या होत्या. मखर उतरवल्यावर त्यांचा ढीग खोलीत टाकला होता. त्यात अडतीस निघाल्या. दोन तापवून, वाकवून फुलांच्या वाट्या केल्या होत्या.

रॉकेलच्या फडक्याने रंग निघे, पण त्याबरोबर मधल्या कागदावरची अक्षरंही जात. लावून ऐकण्यावाचून इलाज नव्हता. ओसरीवर बसून बिभीषण पुसू लागला, ईश्वरप्पा सुई टेकवू लागले. पहिलीच लावणी निघाली, तीही चढ्या चालीची. दर्शनाला आलेल्या दोन बायका थबकल्या.

"अप्पा, बारीक करा," शहादेव म्हणाला. "देवळात हाय आपण."

"देवाला लग्नं ठाऊक न्हाईत का?" ईश्वरप्पा म्हणाले.

दुपारी बिभीषण फडकं पिळता पिळता म्हणाला, "आई हाक कशी मारायची, शिव्या कशा द्यायची, ते मला आता आठवत न्हाई. रेकॉर्डीतलाच आवाज तेवढा ऐकू येतो."

ईश्वरप्पांनी सुई उचलली. "कॅसेट भरून द्यायला पाहिजे होती मी."

"कावून दिली न्हाई?"

"मग तू आला नसतास."

बिभीषणने हातातली रेकॉर्ड उजेडात धरून पाहिली आणि त्यांच्याकडे दिली. "आलो असतो की," तो म्हणाला.

सहाला शहादेवने ओसरीवरचा दिवा लावला. तोवर चोवीस लावून झाल्या होत्या. वीस ओळखू आल्या, त्यांत दगडाबाई नव्हती. चारांच्या रेघांत रंग इतका बसला होता की नुसती खरखर ऐकू येई. त्यांत काय आहे, सांगता येत नव्हतं. वाट्या कोणत्या रेकॉर्डींच्या केल्या, हे पोरांनाही आठवेना.

मांजरसुंब्याची शेवटची जीप साडेसहाला होती. चौदा रेकॉर्डी राहिल्या होत्या. बिभीषणने पंचविसावी पुसायला घेतली.