उजव्या बाजूचा माणूस

कोंडीरामच्या ट्रकचं स्टिअरिंग डावीकडे होतं, आणि म्हणूनच गुणाजीची नोकरी होती.

ट्रक अमेरिकन. लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्यांतली एक कॉटन ग्रीनच्या मालकाने उचलली होती. आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या अंगाने चालतात. त्यात ड्रायव्हरही डावीकडेच बसला, तर पुढच्या गाडीपलीकडचं त्याला काही दिसत नाही. ते उजव्या बाजूच्या माणसाने बघायचं. गुणाजी खिडकीतून अर्धा बाहेर वाकायचा. तळवा हलला की जायचं, मूठ वळली की थांबायचं. कोंडीराम त्या हातावर डोळे मिटून विसंबायचा. शिवाय गाडीचा हँडब्रेक नावालाच होता. चढणीवर थांबायची वेळ आली की गुणाजी लाकडी ठोकळा घेऊन खाली उडी मारी आणि मागच्या चाकाखाली घाली. कागदोपत्री तो क्लीनर. फडकं त्याच्या हातात कमीच दिसायचं.

कोंडीराम काळाचौकीचा, मूळचा कोकणातला, कीर्तनवेडा. गुणाजी वरळीच्या बीडीडी चाळीतला. मागच्या दसऱ्याला नागपूरला बौद्ध धर्माची दीक्षा झाली, तिची बातमी चाळीत पोचली, आणि त्याने घरातले देव पाण्यात सोडले. तेव्हापासून कोंडीराम कीर्तनाला थांबला की हा बाहेर बिडी ओढत बसे. "तुझा बुवा पोटभर रडवतो तुला, आणि तू म्हणतोस छान झालं," असं म्हणून हसे. पण घाई कर, असं कधी म्हणाला नाही.

त्या वर्षी चैत्रात मालकाने नवा जर्मन ट्रक आणला. मतदान होऊन गेलं होतं. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' ही डांबराची अक्षरं मात्र भिंतीभिंतीवर तशीच होती.

गाडी आली त्या दिवशी यार्डासमोरच्या चहावाल्याकडे दोन तट पडले. फिटर गणपत जर्मनच्या बाजूचा. गोदीतल्या कुणा जर्मन इंजिनिअरकडून त्याने बरंच ऐकलं होतं. तिकडच्या सरकारने गाडी किती लांब आणि किती वजनाची, हे आधी ठरवून दिलेलं, म्हणून त्यांच्या गाड्यांचं नाक आखूड आणि इंजिन आटोपशीर. अमेरिकेत रस्ते शेकडो मैल सरळ, प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, म्हणून नाक हे एवढं लांब आणि पेट्रोल पिण्याला धरबंध नाही. जर्मनीत म्हणे मोठ्या गाडीत एक घड्याळ असतं. ड्रायव्हर किती तास चालवतो ते घड्याळच कागदावर रेघ ओढून दाखवतं. अमेरिकेत ड्रायव्हर आपल्या हाताने तास लिहितो.

"हां, म्हणजे लिहिणारा मी आणि जागणाराही मीच," कोंडीराम म्हणाला. "मग झोपलो कधी, तेही मीच झकास लिहीन."

आपल्याकडचाही कायदा होताच. पाच तासांनी विश्रांती, दिवसाला नऊ तास. तो कुणी पाळल्याचं बाकावर बसलेल्या एकालाही आठवेना.

मग गणपतने कोंडीरामला केबिनमध्ये बसवून नीट समजावलं. इथे डिझेल आहे, ही खेचायची दांडी ओढली की इंजिन बंद. पण उतारावर बंद करायचं नाही. अमेरिकन गाडीचं तू पूल उतरताना इंजिन बंद करतोस, पेट्रोल वाचवतोस, ते विसर. हिच्या ब्रेकला हवेचा जोर आहे आणि ती हवा इंजिन भरतं. आणि पेडल पंपासारखं मारायचं नाही. एकदा दाबून धरायचं. दर दाबाला हवा जाते.

कोंडीरामने मान डोलावली. त्याचं लक्ष दुसरीकडे होतं. नव्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे होतं, आणि मालक तेच बोटाने दाखवत होता.

मालकाचं म्हणणं सरळ होतं. ड्रायव्हरला स्वतःला दिसतं, ब्रेक पक्के आहेत, बटण दाबलं की इंजिन सुरू होतं. मग दुसरा माणूस कशाला? जर्मनीत एकच माणूस चालवतो. कोंडीराम म्हणाला, जर्मनीत गाडीवर लिहिलंय तेवढंच वजन भरतात, आपण रुईच्या दीडपट गाठी चढवतो. वजन जुन्या अमेरिकन गाडीसारखं ठेवायचं आणि माणूस तेवढा जर्मनसारखा करायचा, असं कसं? मालक हसला. गुणाजीचं नाव त्याच दिवशी हजेरीतून निघालं.

तरी दुसऱ्या दिवशी कोंडीरामने त्याला फाटकाबाहेर गाडीत घेतलं. त्याचा हिशेब असा की चार-आठ दिवस गुणाजी बरोबर फिरला, वेळेला उपयोगी पडला, की मालकाला सांगता येईल, बघा, माणूस लागतोच. तोवर आपल्या पगारातलं त्याच्या बायकोकडे, शांताकडे पोचवायचं. गुणाजी डाव्या बाजूला बसला. तिथून पदपथाशिवाय काही दिसत नव्हतं. सवयीने त्याने ठोकळा मात्र पायाशी आणून ठेवला होता.

"मला काय काम आता?" तो म्हणाला.

"बस गप. माझ्याशी बोल, म्हणजे झोप नाय येवची."

त्यांची फेरी कॉटन ग्रीनहून रुईच्या गाठी घेऊन करी रोडच्या पुलावरून डिलाईल रोडकडच्या गिरणीत. पूल उतरतो तिथे, रस्त्याच्या कडेला, एका चाळीने रामनवमीपासून कीर्तनाचा सप्ताह मांडला होता. बुवा फणसवाडीचे. आवाज असा की चिपळ्या थांबल्या तरी नाद मंडपात राहावा. पहिल्या संध्याकाळी जर्मन गाडी खडखडत खाली आली तेव्हा बुवा नमनाचं पद म्हणत होते. डिझेलच्या आवाजात ते पद पार बुडालं. बुवा थांबले. सगळा मंडप मान वळवून ट्रककडे बघू लागला, आणि एक म्हातारी हात उडवून काहीतरी बोलली. कोंडीरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अकरा वर्षं अमेरिकन गाडी कीर्तनावरून, देवळावरून, प्रेतयात्रेवरून नेताना तो इंजिन बंद करून चाकावर सोडत आला होता. आवाज न करता जायचं, हा त्याचा नेमच होता.

दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या वेळी तो पुलाच्या माथ्यावर आला. खालून बुवांचा आवाज येत होता. उत्तररंग रंगात होता, भरतभेटीचा. भरताने हातात आलेलं राज्य पादुकांपुढे ठेवलं, बुवा सांगत होते, आणि इथे दिल्लीवाल्यांच्या हातून एक मुंबई सुटत नाही. मंडप खदखदून हसला. मग पेटीने सूर धरला आणि सगळं शांत झालं. आता बुवा भरताला रामाच्या पायांवर घालणार, हे कोंडीरामला ठाऊक होतं.

त्याने दांडीला हात घातला.

"गणपत काय बोलला?" गुणाजीने विचारलं.

"मंडपापुरतं रे. खाली गेलो की चालू करतो."

इंजिन थांबलं. गियर त्याने मोकळा केलाच होता. गाडी नुसत्या चाकांच्या घरंगळीने उतरू लागली, आणि क्षणभर दोघांनाही बुवांचा शब्द न् शब्द ऐकू आला. वेग वाढला तसा कोंडीरामने ब्रेक मारला. अकरा वर्षांच्या सवयीने, एक, दोन, तीन. गाडी प्रत्येक वेळी थोडी अडली. चौथ्या वेळी पेडल दगडासारखं झालं. त्याने दोन्ही पाय रोवले. काही हललं नाही. गियर टाकायला गेला तर दातांची नुसती किंकाळी. बटण दाबायचं सुचेपर्यंत मंडपाची कनात समोर आली होती. पुढच्या रांगेत बायका आणि मांडीवरची पोरं. रस्ता तिथे किंचित वळत होता. दीडपट गाठी मागून ढकलत होत्या.

डावीकडचं दार उघडल्याचा आवाज त्याला आला. गुणाजी ठोकळा घेऊन उतरला होता. धावत्या गाडीबरोबर तो चार पावलं पळाला आणि मागच्या चाकापुढे त्याने ठोकळा सारला. चाकाने ठोकळा चिरडला, पण तेवढ्याने गाडीचं ढुंगण फिरलं. ट्रक कडेच्या दिव्याच्या खांबावर कलला आणि थांबला. कनात हललीसुद्धा नाही. गुणाजीचा पाय चाकाखाली होता.

बुवाच आधी धावले. अंगावरचं उपरणं फाडून त्यांनी गुणाजीच्या मांडीला आवळून बांधलं, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि चारचौघांनी उचलून टॅक्सीत घालीपर्यंत त्याच्याशी बोलत राहिले. केईएममध्ये त्याचा पाय गुडघ्यावरून कापला.

तीन दिवसांनी सरकारी मोटार इन्स्पेक्टर यार्डात येणार होता. त्याआधी मालकाने कोंडीरामला आत बोलावलं. हजेरीत गुणाजीचं नाव नाही. तेव्हा कुणी अनोळखी माणूस वाटेत चढला, असं म्हण. मालाच्या गाडीत उतारू घेतलास, एवढाच तुझा गुन्हा, थोडक्यात सुटशील. ब्रेक कसा गेला ते देव जाणे, म्हण. मी तुझं लायसन सांभाळतो.

कोंडीरामने दारात उभ्या गणपतकडे बघितलं. ब्रेक गेला म्हटलं की गणपतची मान जाणार होती. आणि अनोळखी माणूस म्हटलं, तर गुणाजी कोण उरत होता?

इन्स्पेक्टरने इंजिन चालू करून ब्रेक तपासला. अगदी पक्का. मग त्याने विचारलं, गाडीत दुसरा होता तो कोण?

"माझा क्लीनर, साहेब," कोंडीराम म्हणाला. "नाव मालकांनी काढलं, पण कामाला होता. पगार मी देणार होतो. आणि ब्रेकचा दोष नाय. उतारावर इंजिन मी बंद केलं."

"का?"

"खाली कीर्तन चाललं होतं."

इन्स्पेक्टरने लिहिता हात थांबवून त्याच्याकडे बघितलं, मग पुन्हा लिहू लागला. लायसन त्याच दिवशी गेलं. गुणाजीला नुकसानभरपाई मिळते का, याचा दावा युनियनच्या वकिलाने घातला. मालकाने तो अमान्य केला, आणि तारखा पडू लागल्या.

कोंडीराम केईएमला गेला तेव्हा गुणाजी भिंतीकडे तोंड करून पडला होता. इन्स्पेक्टरला काय काय सांगितलं ते त्याने सगळं ऐकून घेतलं.

"क्लीनर म्हणालास?"

"हो."

"आणि इंजिनाचं?"

"तेही."

पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा पाणी मागत होता. कोंडीरामने उठून त्याला पाजलं आणि परत येऊन बसला.

"सांगितलंस ते बरं केलंस," गुणाजी म्हणाला. "पोरं वाचली, तेही बरं झालं. पण मी विचारलं होतं तुला, कोंड्या. हात दांडीवर होता तेव्हाच विचारलं होतं."

"होय रे."

"आता जा. शांता डबा घेऊन येईल. तिच्यासमोर तू बसलेला नको."

कोंडीराम उठला. जिन्यात शांता वर येतच होती, एका हातात डबा, दुसऱ्या हाताने कठडा धरून. तो भिंतीला लागून उभा राहिला आणि तिला वाट दिली. ती न थांबता वर गेली.